गुलाबी डबीतला तुकडा

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिले असेल असे वाटत नाही. माझे काम मात्र तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरापर्यंत पोहोचले असेल, तपासणीच्या एखाद्या कागदाच्या रूपाने. मी एक मायक्रोटोम आहे, आणि चांगला जुना आहे. रुग्णाच्या शरीरातून डॉक्टर तपासणीसाठी एक छोटासा तुकडा काढतात, तो मेणाच्या वडीत बसवतात, आणि ती वडी माझ्या पात्यावरून फिरवून तिचे पातळ काप काढतात. किती पातळ? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत माझे वीसेक काप आरामात बसतील. तुम्ही म्हणाल, हा बढाई मारतो. मारतोच. इतकी वर्षे नीट काम केल्यावर तेवढा हक्क मला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे अंग, उजव्या हाताला मोठे चाक, समोर पाते धरणारी पकड. ज्या कारागिराने मला जुळवले त्याला कानांनी कमी ऐकू येत असे. म्हणून तो माझे चाक फिरवताना आवाज ऐकत बसत नसे. माझ्या पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि कुठे थरथर आहे ते शोधायचा. तीन वेळा त्याने मला उघडले, तीन वेळा पुन्हा जुळवले. चौथ्या वेळी पाठ थोपटली आणि पुढच्या यंत्राकडे वळला. कौतुकाचा एक शब्द नाही! तेव्हा मला रागच आला होता. पुढे तीस वर्षांत माझा एकही स्क्रू सैल झाला नाही, तेव्हा तो राग गेला.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. आमची खोली लांबट होती. खिडकीशी मी, माझ्या डावीकडे कोमट पाण्याची पसरट थाळी, उजवीकडे बर्फाचा ट्रे. मेणाचा आणि स्पिरिटचा वास भिंतींत मुरलेला. माझे चाक फिरले की मेणाचे काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर येत. ती फीत पाण्यावर तरंगवायची, सुरकुती गेली की काचेवर उचलायची, रंगवायची, आणि शेजारच्या खोलीत मॅडमकडे द्यायची. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. त्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून ती काच पाहत आणि आजार कोणता ते सांगत. रुग्ण त्यांना कधी दिसत नसे, आणि रुग्णाला त्या दिसत नसत.

माझे चाक फिरवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत कधी शिकवत नव्हते, पण त्या खोलीत जो कुणी काम शिकला तो त्यांच्याच हाताखाली. वडी कडक झाली की मास्तर तिच्यावर तोंडाने ऊबदार 'हाऽ' करत, लगेच चाक फिरवत, आणि फीत अखंड निघे. फीत तुटली की दोष नेहमी मेणाचा, हवेचा किंवा पात्याचा. मास्तरांचा कधीच नाही. माझाही नाही, हे मात्र त्यांचे उपकार. मध्यंतरी बटणांचे एक नवे यंत्र आले. ते स्वतःच फिरायचे, स्वतःच मोजायचे. चार दिवस सगळे त्याच्याभोवती गोळा. मास्तरांनी त्याचे नाव 'नवरदेव' ठेवले आणि ते इतरांना देऊन टाकले. स्वतः लहान, नाजूक तुकडे घेऊन माझ्यापाशीच बसू लागले.

आता आमच्या खोलीतली एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यामुळेच घडली. खालच्या मजल्यावरच्या टेबलावर आलेले तुकडे फॉर्म पाहून डब्यांत भरत, आणि तिथून तुकडा आमच्याकडे प्लास्टिकच्या चपट्या डबीत येई. कातडीची डबी पिवळी. स्तनातल्या गाठीची डबी गुलाबी. गाठीचा तुकडा मेणात आडवा झोपवायचा, म्हणजे तो पसरून नीट दिसतो. कातडीचा तुकडा मात्र काठावर उभा करायचा, म्हणजे वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत सगळे एका कापात दिसते. गुलाबी म्हणजे आडवा, पिवळी म्हणजे उभा. मास्तर हे झोपेतही करू शकले असते.

त्या रुग्णालयात कपडे धुण्याचा विभाग तळमजल्यावर होता आणि तो सांभाळणारी बाई सगळ्यांची मावशी होती. पूर्ण नाव कडक मावशी. तिने इस्त्री केलेला ॲप्रन टेबलावर ठेवला तर बसण्याऐवजी उभाच राहील असे लोक म्हणत. स्वभावही तसाच. डाग पाडून आणलेल्या ॲप्रनवर ती मोठ्या डॉक्टरांनाही सुनवायची, आणि मोठे डॉक्टर खाली मान घालून ऐकायचे. दर सोमवारी सकाळी ती आमचे धुतलेले ॲप्रन घेऊन वर येई, मास्तरांशी दोन वाक्ये भांडे आणि जाई.

एका सोमवारी ती आली ती हसतच.

"मास्तर, घ्या तुमचे सहा. सातव्याचा खिसा कुणी तरी मेणानं बुजवलाय, तो उद्या देते. आणि ऐका, मी सुटले!"

"कशातून?" मास्तरांनी चाक फिरवता फिरवता विचारले.

"अहो, दहा महिने डाव्या छातीवर एक चट्टा होता. खाज, लाली, वरून पापुद्रे निघायचे. आमच्याकडे सगळे म्हणाले, साबणाचं आहे. मलाही तेच वाटलं. गरम चादरींचा गठ्ठा मी ह्या हातानं असा छातीशी धरते ना, डावीकडेच. म्हटलं, चादरीतलं औषध कातडीला लागतंय. साबण बदलला, हातमोजे घातले, तीन मलमं झाली. शेवटी आपल्याच ओपीडीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुकडा काढून बघू. परवा कागद आला. नुसती सूज आहे म्हणे, वाईट काही नाही."

"छान झालं की," मास्तर म्हणाले. मग त्यांचा हात जरा मंदावला. "चट्टा नेमका कुठं होता?"

"आता तुम्हाला काय सांगू... अगदी बोंडावर. मसुराच्या दाण्याएवढी कातडी काढली."

"कातडी?"

"कातडीच. आत गाठबीठ काही नव्हतीच. हाताला काही लागत नाही, असंच त्या बाई म्हणाल्या होत्या."

माझे चाक थांबले. मास्तरांचा हात त्यावर तसाच होता. आमच्याकडे तुकड्यावर नाव नसते, फक्त आकडा असतो. पण गेल्या आठवड्यात स्तनाचा मसुराएवढा तुकडा एकच आला होता, आणि त्याची डबी गुलाबी होती. फॉर्मवर 'स्तन' लिहिलेले पाहून खालच्या टेबलावर तो तुकडा गुलाबी डबीत गेला. मास्तरांनी डबीचा रंग पाहिला आणि तो आडवा झोपवला, वरची कातडी खाली करून. मेणाच्या साच्यात जी बाजू खाली असते, तीच पुढे पात्यासमोर येते.

पुढचे मीच केले होते, मित्रांनो. नवी वडी आली की आधी ती जाडसर घासून सपाट करतात. तसे मी घासले. पात्याला सगळ्यात आधी लागला तो कातडीचा वरचा थर. तो भुकटी होऊन खालच्या खोक्यात पडला आणि खोके त्याच संध्याकाळी रिकामे झाले. मग खालच्या थराचे मी अगदी सुंदर काप काढले. मॅडमना त्यात सूज दिसली, तीच त्यांनी लिहिली. मी किती सफाईने काम केले याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आता मला स्वतःची लाज वाटली.

मावशी गेल्यावर मास्तरांनी खण उघडला, आकडा शोधला आणि ती काच खिडकीकडे धरली. उभ्या कापलेल्या कातडीला एका बाजूने जांभळी रेघ असते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. इथे फक्त एक गोल ठिपका होता आणि त्याच्या कडेला कुठे तरी तुटक रेघ. कागद गेला होता. मावशी आनंदात होती. मास्तरांच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या नावावर एक चूक नव्हती, आणि ही त्यांच्याशिवाय कुणाला कळणारही नव्हती. मला भीती वाटली, की ते काच परत खणात ठेवतील.

ते काच घेऊन सरळ शेजारच्या खोलीत गेले. दार उघडेच होते.

"मॅडम, एक चूक झालीय. माझी."

मॅडमनी काच पाहिली, सगळे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला. "एकट्या तुमची नाही, मास्तर. वरचा थर कुठं गेला, हे मी विचारायला हवं होतं. मी सूज पाहिली आणि सही करून मोकळी झाले."

"वडीत थोडं शिल्लक आहे. तुकडा घुमटासारखा होता, म्हणून मधलं गेलं तरी कडेचं वाचलंय. वितळवून उभा करतो."

"किती असेल?"

"नखाच्या कोरेएवढं."

"करा. पण काही निघो न निघो, मावशींना बोलवायचंच. दहा महिने एकाच बाजूला चट्टा, मलमानं हटत नाही, हे मला बरं वाटत नाही."

मास्तरांनी वडी वितळवली. चिमट्याने तो उरलेला तुकडा भिंगाखाली उचलला, काठावर उभा केला आणि मेण घट्ट होईपर्यंत धरून ठेवला. नेहमी हे काम ते गाणे गुणगुणत करत. आज गाणे नव्हते. वडी बर्फावर गार झाली. मला नवे पाते लावले. या वेळी जाडसर घासणे नाही, पहिल्या फेरीपासून पातळ काप. एक फेरी जास्त झाली तर उरलेलाही थर जाणार होता.

"गड्या, आज लाज राख," मास्तर माझ्या चाकाला म्हणाले आणि वडीवर 'हाऽ' केले.

राखली. त्या कारागिराने पाठीवर हात ठेवून काढलेली थरथर तीस वर्षे परत आली नव्हती, ती त्या दिवशीही आली नाही. पंचवीस कापांची अखंड फीत निघाली. मास्तरांनी एकही काप वाया घालवला नाही. काही काचा लगेच रंगवल्या, काही राखून ठेवल्या.

दुपारी मॅडमनी हाक मारली. "मास्तर, या. दुसऱ्या बाजूनं डोळा लावा." त्यांच्या यंत्राला समोरासमोर दोघांना पाहता येईल अशी सोय होती. "वरच्या थरात बघा. मोठ्या, फिकट, एकेकट्या पेशी. त्या इथल्या नाहीत."

"कर्करोग?"

"पॅजेटचा आजार म्हणतात. स्तनाच्या कर्करोगातला फार विरळा प्रकार, शंभरात दोन-तीन. गाठ हाताला लागत नाही, नुसती खाज आणि चट्टा. म्हणूनच सगळे मलम लावत बसतात. त्वचेचा आणखी एक कर्करोग हुबेहूब असाच दिसू शकतो. राखलेल्या काचांवर खास रंग करू, म्हणजे शंका राहणार नाही."

खास रंगाने शंका राहिली नाही. जुना कागद रद्द झाला. मावशीला निरोप गेला तेव्हा ती म्हणाली, खाली सगळे ओळखीचे आहेत, तुमच्या खोलीतच सांगा काय ते. म्हणून ती वर आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिच्या हातात त्या दिवशी ॲप्रन नव्हते. ते रिकामे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते.

मॅडम बोलायच्या आधी मास्तरच बोलले. गुलाबी डबी, आडवा तुकडा, घासून गेलेला थर, सगळे त्यांनी न अडखळता सांगितले. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे, मावशी. माफी मागतो."

मावशी लालबुंद झाली. "म्हणजे मी आठवडाभर हसत फिरले ते उगाच? घरी सगळ्यांना सांगितलं मी! आमचे हे चार जागी फोन करून बसले!" एवढे बोलून ती रडू लागली. मास्तर तिथेच उभे राहिले. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि मॅडमकडे वळली. "पुढचं सांगा. सगळंच काढावं लागेल का?"

"आधी आत किती पसरलंय ते एक्स-रेच्या फोटोत बघू," मॅडम म्हणाल्या. "थोडं असेल तर बोंड आणि त्याखालचा भाग काढायचा, बाकीचं राहतं. मग किरणांचे डोस. काखेतल्या एक-दोन ग्रंथी तपासून घ्यायच्या. मावशी, मी खोटा धीर देत नाही. हा आजार बरा होण्यासारखा आहे, आणि आपण वेळेत आहोत."

मावशीने पदर नीट केला. मग मास्तरांकडे बोट करून म्हणाली, "ठीक आहे. पण ऑपरेशनमधून जे येईल ते ह्यांनीच कापायचं. दुसऱ्या कुणी नाही."

"मी?" मास्तर म्हणाले.

"तुम्हीच. आता तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून कोण बघणार आहे?"

फोटोत स्तनाच्या आत, बोंडाच्या मागे, दुधाच्या नळ्यांत थोडी वाढ दिसली. एका जागी ती नळीबाहेर डोकावू लागली होती. तिथपर्यंतच. पंधरा दिवसांत ऑपरेशन झाले. मग आमच्याकडे डब्या आल्या, गुलाबी आणि पिवळ्या मिळून एकोणीस. मास्तरांनी प्रत्येक डबी उघडून आतला तुकडा डोळ्यांनी पाहिला, फॉर्मशी ताडला, भिंगाखाली फिरवला, आणि मगच मेणात बसवला. दोन डब्यांचा रंग त्यांनी बदलून घेतला. पूर्ण दोन दिवस ते माझ्यासमोरून हलले नाहीत. नवरदेव शेजारी मोकळाच बसला होता, आणि मला त्याचे वाईट वगैरे काही वाटले नाही.

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, हा खरा प्रश्न होता. कडेला एक जरी वाईट पेशी सापडली असती तर मावशीला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागले असते, आणि कदाचित सगळेच काढावे लागले असते. मॅडमनी एकेक काच दोनदा पाहिली. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या खोलीत आल्या. "चारी बाजूंनी कडा स्वच्छ. काखेतल्या दोन्ही ग्रंथी स्वच्छ." मास्तर खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि तो उगाचच पुसत राहिले. त्या दिवशी मला त्या कारागिराची आठवण आली. त्यालाही ही बातमी सांगावीशी वाटली.

मावशीला किरणांचे पंधरा डोस झाले, ठरवून दिलेली औषधे झाली. थकली, चिडली, नवऱ्याच्या हातच्या पाणचट चहाला नावे ठेवली, आणि पाच महिन्यांनी कामावर आली. आल्याबरोबर तिच्या माघारी कुणी इस्त्री बिघडवली याची चौकशी सुरू केली. त्याला आता सहा वर्षे झाली. दर वर्षी ती तपासणीला जाते आणि काही नाही असा कागद आणते. तो कागद मात्र ती मॅडमकडून दोनदा वाचून घेते.

मास्तरांनी मेणाच्या टेबलावर एक पाटी लावली: 'रंग नको, तुकडा बघा.' शिकायला येणारा प्रत्येक जण विचारी, ही पाटी कशाला? मास्तर सांगत. चूक कुणाची हेही सांगत, आणि 'एकदा एका माणसाच्या हातून' असे न म्हणता 'माझ्या हातून' असे म्हणत. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यानंतर माझ्यावर प्लास्टिकचे आवरण आले. आता सगळे काम नवरदेव करतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर चांगले करतो. वर्षातून एकदा मुलांना दाखवण्यापुरते मला उघडतात. चाक जरा जड झाले आहे, मागच्या बाजूला गंजाचा ठिपका आहे. पुसणारे हात कमी झाले की लोखंडालाही कळते.

अशा वेळी म्हातारी यंत्रे तुमच्याकडे विनंती करतात, आम्हाला जपा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मीही करणार होतो. तेल मिळाले तर मला आवडेल, खोटे कशाला बोलू? पण एकच मागणे मागायचे असेल तर ते मी माझ्यासाठी खर्च करणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात आई, आत्या, आजी, काकू, कुणी तरी आहे. बाबा आणि काकाही धरा, कारण क्वचित त्यांनाही हा आजार होतो. त्यांच्यातले कुणी 'काही नाही रे, साधं आहे, होईल बरं' असे म्हणत एखादे दुखणे लपवत असेल, तर त्यांना विचारा, किती दिवस झाले? दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नसेल तर हात धरून डॉक्टरांकडे न्या. आणि डॉक्टरांच्या कागदावर 'काही नाही' असे लिहून आले, पण दुखणे मात्र जागचे हलले नाही, तर तो कागद घडी करून कपाटात ठेवू नका. तो घेऊन परत जा आणि न लाजता म्हणा, पुन्हा एकदा बघा. आमच्यासारख्या खोल्यांत बसलेली माणसे त्याने रागावत नाहीत. मास्तरांना तर त्या सोमवारी कुणी तसे म्हणालेही नव्हते, तरी त्यांनी पुन्हा पाहिले.